पेनिसिलिन अ‍ॅलर्जीची तपासणी: करून घेतली ते बरं झालं

लहानपणी तापात अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं अँटिबायोटिक) घेतलं, अंगभर पुरळ उठलं आणि माझ्या प्रत्येक केसपेपरवर लाल शाईत ‘पेनिसिलिन अ‍ॅलर्जी’ चढलं. ३० वर्षं कुणी शहानिशा केली नाही.

अ‍ॅलर्जी क्लिनिकने आठवडाभर आधी सर्दीच्या गोळ्या बंद करायला लावल्या. त्यांनी त्वचेची प्रतिक्रिया दबते. आधी हातावर पेनिसिलिनचे सुईचे टोचे, मग कातडीत बारीक इंजेक्शन. तुलनेसाठी हिस्टामिनचाही (अ‍ॅलर्जीत शरीरातून सुटणारं, खाज आणणारं रसायन) एक टोचा होता. तेवढाच फुगला, आणि खाजला तर असा की विचारू नका! मग अमॉक्सिसिलिनचा छोटा डोस, नंतर पूर्ण, आणि तासभर देखरेख. शेजारी अ‍ॅड्रेनॅलिन, म्हणजे जोराची अ‍ॅलर्जी आलीच तर द्यायचं तातडीचं इंजेक्शन, तयार. ते बघूनच माझी छाती धडधडली, बाकी काही झालं नाही.

डॉक्टर म्हणाले, असा शिक्का असलेल्या १० पैकी सुमारे ९ जणांना तपासणीत अ‍ॅलर्जी निघतच नाही; तापातलं पुरळ बरेचदा विषाणूचं असतं. औषधाने कधी कातडी सोलली होती का, तोंडात फोड आले होते का, हे मात्र त्यांनी आधीच खोदून विचारलं. तसं असेल तर ही तपासणी करत नाहीत.

तक्रार एकच. निकालाचा कागद दिला, पण जुन्या नोंदी खोडून घ्यायचं काम माझ्याच गळ्यात. दातांच्या डॉक्टरांकडे ती लाल शाई अजून तशीच आहे.