सूक्ष्म साच्यातून भाग सहज सुटावा म्हणून: इलेक्ट्रोपॉलिशिंग, हाताचे पॉलिश की कोटिंग?

मायक्रोफ्लुइडिक चिपचा (केसासारख्या बारीक चॅनेलांतून द्रव वाहू देणारी चिप) पीएमएमए किंवा सीओसी या पारदर्शक प्लास्टिकचा भाग धातूच्या साच्यातून काढताना वाकत असेल किंवा चॅनेलच्या कडा फाटत असतील, तर उपाय निवडण्याआधी तो कशामुळे अडकतो हे पाहावे. थंड होताना प्लास्टिक आकसते आणि साच्यावरील उंचवट्यांना आवळून धरते. त्या उभ्या भिंतींवर मायक्रोमिलिंगच्या (अतिसूक्ष्म कटरने कापण्याच्या) खुणा किंवा ईडीएमचा (विद्युत ठिणग्यांनी धातू कोरण्याच्या पद्धतीचा) खडबडीत थर राहिला असेल, तर प्लास्टिक त्यात रुतते.

अशा वेळी माझा कौल इलेक्ट्रोपॉलिशिंगला आहे. साचा ॲनोड (धन टोक) म्हणून आम्लात, स्टेनलेस स्टीलसाठी सहसा फॉस्फोरिक व सल्फ्युरिक आम्लाच्या गरम मिश्रणात, ठेवून विद्युतप्रवाह सोडला की पृष्ठभागावरची टोके खळग्यांपेक्षा लवकर विरघळतात, कापताना कडेला उरलेले बारीक बर (धातूचे कण) निघून जातात आणि नाजूक रिबवर (साच्यावरील अरुंद उंचवट्यावर) कोणताही दाब येत नाही. मात्र त्याची किंमत मापात मोजावी लागते: प्रत्येक बाजूने ५ मायक्रॉन धातू गेला, तर १०० मायक्रॉनची रिब ९० मायक्रॉनची उरते, म्हणून ही घट ड्रॉइंगमध्येच धरावी लागते. कडांवर प्रवाह एकवटल्याने त्या गोलसर होतात, तर खोल, अरुंद खाचांच्या तळाशी प्रवाह कमी पोहोचतो. ३१६एल स्टेनलेस स्टील किंवा निकेल यांवर परिणाम चांगला मिळतो. डी२सारख्या टूल स्टीलमधील कार्बाइडचे कण मात्र आजूबाजूच्या धातूइतके विरघळत नाहीत आणि पृष्ठभाग असमान होतो.

डायमंड पेस्टने हाताने केलेले पॉलिश उघड्या सपाट भागासाठी उत्तम असते, पण ते रिबांच्या मध्ये पोहोचत नाही.

डीएलसी (हिऱ्यासारख्या कार्बनचा कठीण थर) कोटिंग घर्षण आणि चिकटणे दोन्ही कमी करते; परंतु काही मायक्रॉनचा हा थर खालच्या खडबडीतपणाचीच नक्कल करतो आणि खोल भिंतींवर पातळ पडतो. त्यामुळे तो पॉलिशनंतर द्यावा, पॉलिशऐवजी नव्हे. फ्लुओरोसिलेन या न चिकटणाऱ्या रसायनाचा थर इतका पातळ असतो की मापाला धक्का लागत नाही, पण तो झिजतो आणि पुन्हा द्यावा लागतो. चाचणीच्या छोट्या बॅचसाठी तो सोयीचा आहे. टीपीयूसारखी मऊ, रबरासारखी प्लास्टिक सामग्री तर आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागाला अधिकच चिकटू शकते, म्हणून तिथे आधी कोटिंगचा विचार करावा.

टोकदार कोपऱ्यावरच चिपचे काम अवलंबून असेल, तर इलेक्ट्रोपॉलिशिंग टाळून मशिनिंग सुधारावे, आणि भिंतीला भाग अडकवणारा उलटा उतार असेल तर साचा पुन्हा कापण्याला पर्याय नाही. उरलेल्या बाबतीत त्याच धातूच्या तुकड्यावर तशाच खाचा कापून घ्याव्यात आणि प्रक्रियेआधी व नंतर रिबची रुंदी, भिंतीचा खडबडीतपणा आणि भाग काढण्यास लागणारे बल मोजून मगच मूळ साचा आम्लात उतरवावा.