पुस्तकबांधणीचे दुकान आणि वेळेवर कळवलेली वाईट बातमी

वडिलांनी १९७१ ते १९८४ या काळात जमवलेले एकतीस दिवाळी अंक माळ्यावरून खाली आले, तेव्हा त्यांच्या पिना गंजून कागदावर तांबूस डाग पडले होते आणि कडेचा कागद हात लावताच तुटत होता. ते बांधून घेण्यासाठी मी आधी ज्या दुकानात गेलो, तेथे पाच महिने ‘उद्या या’ हे एकच उत्तर मिळाले आणि शेवटी अंक जसेच्या तसे परत आले. त्यामुळे पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळ, बाजीराव रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका बोळातल्या दुसऱ्या बाइंडरकडे मी गेलो तो फारशी अपेक्षा न ठेवताच. दुकान जेमतेम आठ बाय दहाचे. पुढे लाकडी फळी, मागे दाबयंत्र, आणि भिंतीला टेकवलेले पुठ्ठ्यांचे गठ्ठे.

दुकानदारांनी अंक हातात घेतल्यावर पहिली दहा मिनिटे दराविषयी अवाक्षर काढले नाही. पाने उलटून झाल्यावर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. कडेने छिद्रे पाडून शिवले तर काम स्वस्तात होईल, पण आतल्या बाजूच्या ओळी शिवणीत जातील आणि खंड सपाट उघडणार नाही. प्रत्येक अंक मधल्या घडीवर शिवून जुजबंदी केली तर वेळ आणि पैसे दोन्ही जास्त लागतील. दुसरे असे की, कडा कापून सारख्या केल्या तर काही जाहिरातींचा मजकूर कापला जाईल, तेव्हा कटिंग करायचे की नाही हे मी घरी विचारून ठरवावे. आठवडाभरात मी होकार कळवला: जुजबंदी करायची, कडा कापायच्या नाहीत. सात खंड, प्रत्येकी साडेचारशे रुपये आणि पाच आठवड्यांनंतरच्या शनिवारची तारीख, एवढे सगळे त्यांनी एका जाड वहीत लिहून माझी सही घेतली व आगाऊ रकमेची छापील पावती दिली. ग्राहकाला बिल नाकारणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तरीही आपल्या पेठांमध्ये पावती मागितली की व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर आकडा लिहून मिळण्याचा प्रसंग पुष्कळांनी अनुभवलेला असेल. येथे ती न मागता मिळाली.

ठरलेल्या शनिवारच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. चौथ्या खंडाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत चुकीचे वर्ष छापले गेले होते. ‘चूक माझ्याकडून झाली आहे, पाठीचे कापड बदलावे लागेल, खळ वाळायला दोन दिवस द्या, तुम्ही मंगळवारी या,’ एवढेच ते म्हणाले. मजूर, वीज किंवा पावसाचे कारण त्यांनी पुढे केले नाही. खरे सांगायचे तर ती चूक घरी आल्यावरही कदाचित माझ्या लक्षात आली नसती. छोट्या धंद्यात उत्साही आणि सकारात्मक राहावे असे सगळेच सांगतात, परंतु त्याचा अर्थ फळीमागे उभे राहून हसतमुखाने खोटी तारीख देणे असा होत असेल, तर मला हे न हसणारे गृहस्थ अधिक सकारात्मक वाटतात.

मंगळवारी मी तेथे असताना एक पालक मुलाच्या पीएचडीच्या प्रबंधाच्या प्रती घ्यायला आले आणि त्या तयार नाहीत हे कळताच मोठ्या आवाजात बोलू लागले. दुकानदारांनी खळीचा ब्रश बाजूला ठेवला, फडक्याला हात पुसले आणि वही त्यांच्याकडे वळवून म्हणाले, ‘काका, नोंद बघा, आपलं पुढच्या सोमवारचं ठरलं होतं. दोन प्रती रात्री आठला देतो. आत्ता ओल्या दिल्या तर पुठ्ठा वाकेल, आणि मग विद्यापीठात तुमच्या मुलालाच ऐकून घ्यावं लागेल.’ आवाज तेवढाच राहिला. काका आठ वाजता येतो म्हणून निघाले. पुण्यात गिऱ्हाईक पायरी उतरले की त्याच्याविषयी मागे उरलेल्यांना चार शब्द ऐकवणे हा दुकानदाराचा जवळजवळ हक्कच मानला जातो. येथे मात्र ब्रश पुन्हा खळीत बुडाला आणि मला माझ्या सात खंडांची मोजदाद करून दाखवण्यात आली.

बांधणी उत्तम आहे. खंड टेबलावर सपाट उघडतो, शिवण ताणली जात नाही, आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घातलेला आहे. चौथ्या खंडाची पाठ इतर सहा खंडांपेक्षा किंचित गडद दिसते, कारण त्याच थानातले कापड संपले होते. हेही त्यांनीच आधी दाखवले आणि त्या खंडाचे शंभर रुपये कमी केले. खंडांबरोबर एक पाकीटही मिळाले. अंकांत सापडलेली पीएमटी बसची दोन तिकिटे, वाण्याच्या सामानाची यादी आणि एक जाळीदार पिंपळपान त्यात होते, आणि प्रत्येक वस्तू कोणत्या वर्षाच्या अंकातून निघाली हे पेन्सिलीने लिहिलेले होते.

गैरसोयी आहेत. दुकान दुपारी दीड ते चार बंद असते. त्याबद्दल मी पुणेरी विनोद करून पाहिला, तेव्हा शिवणकाम त्याच वेळात, शटर अर्धे ओढून होते, असे उत्तर मिळाले. फळीपाशी कुणी उभे असले की टाके चुकतात. त्या वेळात ते फोनही उचलत नाहीत. बसायला जागा नाही, दर आसपासच्या दुकानांपेक्षा जास्त आहे, आणि सांभाळायला दिलेले जुने पुस्तक हरवले किंवा भिजले तर काय, याचा पावतीवर उल्लेख नाही. तो असायला हवा, असे मी त्यांना सांगितले आहे. गणेशोत्सवात बोळापर्यंत वाहन जात नाही, त्यामुळे जड गठ्ठा असेल तर तो काळ टाळावा.

माझ्याकडे आणखी नऊ अंक शिल्लक आहेत. ते दिवाळीनंतरच आणा, आधी आणले तर घेणार नाही, असे त्यांनी आत्ताच सांगून ठेवले आहे.