खोकं ५६००चं, आत ५५००

मुंबईत कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा बाजार असलेल्या लॅमिंग्टन रोडला मी कॉलेजपासून जातोय, त्यामुळे मला कोण फसवणार, अशी एक गुर्मी होती. २०२३च्या दिवाळीआधी ती साडेसव्वीस हजारांना उतरली.

घरचा पीसी जुना: चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर३ रॅम. त्यात आरएक्स ६५०० एक्सटी हे ग्राफिक्स कार्ड आधीच घेऊन बसलो होतो. या कार्डाला बोर्डाकडून चारच लेन, म्हणजे डेटा ये-जा करायच्या वाटा, मिळतात. त्या पीसीआयई (कार्ड आणि बोर्ड जोडणारी पद्धत) ४.०च्या असल्या तर ठीक, पण एच८१वर मिळतं २.०, म्हणजे वेग एकदम पाव. व्हीआरएएम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, चारच जीबी, ती भरली की गेम अडखळायचा. म्हणून ठरवून ४.० देणारा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड आणि आठ-आठच्या दोन डीडीआर४ रॅम घ्यायला डोंबिवलीहून निघालो. साधा ५५०० नको होता, कारण तो ३.०वरच थांबतो.

तीन दुकानं फिरून चौथ्यात भाव जमला. 'पक्का बिल चाहिए तो अठारह परसेंट अलग,' काउंटरवरचा म्हणाला. मी हो-ना करत कच्चं घेतलं. माझी पहिली चूक हीच.

दुसरी त्याहून मोठी. तो म्हणाला, 'बॉस, घरी पिन वाकली तर आम्ही नाही हं जबाबदार. इथेच बसवून देतो, फ्री.' एएम४ सॉकेटच्या या प्रोसेसरच्या पोटाला १३३१ पिना असतात, मला घाम फुटला. त्याने खोकी मागच्या टेबलावर नेली. मी चहा पीत होतो (चहाही त्यानेच मागवलेला). पाच मिनिटांत बोर्ड समोर आला; प्रोसेसर, त्यावर उष्णता वाहून नेणारी पेस्ट, कूलर सगळं बसलेलं. स्क्रीन लावून दाखवली, बोट मात्र रॅमच्या आकड्यावर ठेवलं: 'बघा, सोळा जीबी, एकदम ओके.' मीही बोटाकडेच बघितलं.

घरी गेम आधीपेक्षा बरा चालला, पण अडखळणं पुरतं गेलं नाही. तीन आठवडे मी ड्रायव्हरला, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, शिव्या घातल्या. एका रविवारी मावसभावाने गेम चालू ठेवून जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं आणि विचारलं, 'दादा, तुझं कार्ड ३.०वर का चाललंय?' मग प्रोसेसरची माहिती दाखवणारं सीपीयू-झेड उघडलं. नाव रायझन ५ ५५००. एल३ कॅश (प्रोसेसरमधली मेमरी) १६ एमबी. ५६००ला ती ३२ असते. टास्क मॅनेजरमध्येही तेच नाव रोज समोर होतं, पण एका आकड्याचा फरक कोण वाचतो?

तरी खात्री करायला कूलर काढला. आधी अर्धा तास पीसी चालवून पेस्ट गरम केली आणि कूलर हळूहळू पिळत सोडवला. सरळ ओढला तर एएम४मध्ये पेस्टला चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून हातात येऊ शकतो. पेस्ट पुसली. खाली ठसठशीत ५५००. खोक्यावरच्या लेबलाचा सिरियल नंबर वेगळा. रॅम आणि बोर्ड अस्सल होते. हात मारला होता तो फक्त कूलरखाली झाकल्या जाणाऱ्या वस्तूवर, आणि तेव्हा दोन प्रोसेसरांच्या किमतीत चारेक हजारांचा फरक होता.

दुकानात गेलो तर सूर बदललेला. 'खोकं आमचंच कशावरून? बिल दाखवा.' चिठ्ठीवर लिहिलेलं: 'कॉम्बो सेट, १ नग, २६,५००.' मॉडेल नाही, दुकानाचं नाव नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला, तिथेही पहिला प्रश्न बिलाचाच.

खोक्याच्या बाजूला प्रोसेसर दिसायला खिडकी असते. सील न तोडता तिथूनच नंबर जुळवता आला असता, मागच्या टेबलावर जायच्या आधी, चहाच्या आधी. ते रिकामं खोकं अजून माळ्यावर आहे. त्याच्या नंबराचा खरा ५६०० बहुतेक कुणाला तरी 'बिनखोक्याचा, म्हणून स्वस्त' सांगून विकला गेला असेल.