शाईच्या चित्रांसाठी फोटो पेपर: महागडा इंकजेट की जुना ब्रोमाइड?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत फोटो पेपर मागितला की पहिला प्रश्न येतो, ‘काका, प्रिंटर कुठला हाय?’ प्रिंटर नाही, शाईनं चित्रं काढायची आहेत म्हटलं की दुकानदार क्षणभर बघत राहतो आणि सगळ्यात महाग पाकीट पुढं सरकवतो. ते घेऊ नका, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

इंकजेट ग्लॉसी मी १८० जीएसएमपासून २७० जीएसएमपर्यंत वापरून पाहिला. ‘इन्स्टंट ड्राय’ हा त्याचा मोठा गुण म्हणून पाकिटावर छापलेला असतो. प्रिंटरला तो गुण, आपल्याला ताप. वरच्या थरात इतकी बारीक छिद्रं असतात की थेंब पडला तिथंच गडप. ओघळत नाही, पसरत नाही, पाणी मारून मागंही घेता येत नाही. जास्त पैसे मोजून नुसती जाडी मिळते. स्वस्तातला तर पाणी थोडं जास्त झालं की वळतो आणि वरचा थर बोटाला चिकटून निघतो.

ब्रोमाइड म्हणजे डार्करूममध्ये काळे-पांढरे फोटो छापायचा जुना कागद. त्यावर जिलेटीन असतं, सगळा फरक तिथं आहे. माझी उमेदीची वर्षं शाहूपुरीतल्या एका स्टुडिओत स्पॉटिंग करण्यात गेली. प्रिंटवर धुळीचा पांढरा ठिपका उमटला की ट्रिपल झीरोच्या ब्रशनं तो भरायचा. जिलेटीन रंग पिऊन टाकतं, भरलेली जागा कुणाला ओळखू येत नाही. तेच आता मोठ्या हातानं करतो. (चित्रकार आणि सिनेमावाले अशा बाबुराव पेंटरांच्या गावात ब्रश आणि कॅमेरा एका घरात नांदले तर नवल काय!)

आठ बाय दहाचा कागद गार पाण्यात थोडा वेळ ठेवायचा. गारच; गरम पाण्यात जिलेटीन सुटतं. फुगला की बोटाला बुळबुळीत लागतो. मग ड्रॉपरनं फाउंटन पेनची काळी शाई सोडायची. मधे काळी राहते आणि कडेनं निळी-जांभळी किनार सुटत जाते, कारण बऱ्याच काळ्या शाया मुळात दोन-तीन रंगांची मिसळ असतात. ती मुरली की वर वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. ही काजळीची, आत शिरत नाही, वरच बसते. अर्धवट वाळल्यावर ब्लेडची कड आडवी ओढली की खालचा जांभळा उघडा पडतो. लई देखणा दिसतो! तसाच दुसरा काढू म्हटलं तर जमत नाही.

कोरा ब्रोमाइड उजेडात गुलाबी-करडा पडत जातो. मला तो रंग आवडतो, पण तो एका जागी थांबत नाही. पांढराच हवा तर आधी लाल दिव्यात हायपोतून (फोटो पक्का करायच्या रसायनातून) काढा आणि वाहत्या पाण्याखाली धुवा. प्लॅस्टिक थराचा आरसी असेल तर चार-पाच मिनिटं पुरतात, प्लॅस्टिक नसलेल्या फायबर बेसला अर्धा-पाऊण तास. इथं कंटाळा केला तर पुढं पिवळे डाग पडतात.

मिळवणं हीच खरी कटकट. कोडॅकनं काळ्या-पांढऱ्याचा कागद २००५ साली बंद केला, ऊटीचा ‘इंदू’ही गेला. इलफर्ड अजून बनवते, पण खिसा बघून घ्या. त्यापेक्षा जुन्या स्टुडिओवाल्यांकडं चौकशी करा. माळ्यावर पाकिटं पडून असतात. मुदत संपलेली, उजेड लागलेलीही चालतात. फोटोला निकामी झालेला कागद आपल्याला कामाचा. फक्त पाकीट उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. एका ऑनलाइन विक्रेत्यानं ‘व्हिंटेज’ म्हणून मला पाठवलेल्या गठ्ठ्याची ओल लागून वीट झाली होती. परत घ्यायचं नावच नाही.

दोन कमतरता ब्रोमाइडच्याही आहेत. पेनची शाई उन्हात उडते, तेव्हा खिडकीसमोर लावू नका. आणि आपल्या पावसाळ्यात जिलेटीन दमट होऊन काचेला चिकटतं, सोडवायला जावं तर चित्रच सोलून येतं. म्हणून फ्रेम करताना काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड माउंट (पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा. फ्रेमवाला म्हणेल, ‘कशाला काका, तेवढेच पैसे वाचतील.’ ऐकू नका.