ऑरा हिचकॉकची भूशास्त्राची चित्रं, ऑनलाइन आणि फुकट

अमेरिकेतल्या अ‍ॅमहर्स्ट कॉलेजच्या डिजिटल कलेक्शनमध्ये ऑरा व्हाइट हिचकॉकने काढलेले वर्गात लावायचे तक्ते फुकट बघायला मिळतात आणि जिऑलॉजी शिकणाऱ्या-शिकवणाऱ्या सगळ्यांनी ते बघावेतच. बाई मॅसॅच्युसेट्सच्या, १७९६ ते १८६३. नवरा एडवर्ड तिथेच प्रोफेसर, त्याच्या लेक्चरसाठी हिने १८२८ ते १८४० च्या काळात कापडावर खडकांचे थर, जीवाश्म, मॅस्टोडॉनचा (हत्तीसारखा नामशेष प्राणी) सांगाडा असलं काय काय काढलंय. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही दिसलं पाहिजे म्हणून रेषा जाड, रंग सपाट आणि भडक, एकही रेघ उगाच नाही. दगडातल्या पावलांच्या ठशांचा तक्तापण आहे, एडवर्डला ते प्रचंड पक्ष्यांचे वाटायचे, डायनोसॉरचे आहेत हे नंतर कळलं.

पण मला खरी आवडली ती तिची निसर्गचित्रं. १८३३ ला एडवर्डचा राज्याच्या भूशास्त्राचा रिपोर्ट आला, त्यासोबत चित्रांचा वेगळा भाग होता, त्यात तिच्या चित्रांवरून बॉस्टनला छापलेले लिथोग्राफ (दगडावरून छापलेली चित्रं) आहेत (त्याचेही स्कॅन नेटवर सापडतात). डीअरफिल्डचा शुगरलोफ डोंगर बघा, लाल वालुकाश्माचा कडा असा उभा केलाय की खडक कुठे उघडा पडलाय आणि झाडी कुठून सुरू होते ते लगेच कळतं. होल्योक आणि टॉम या डोंगरांमधून कनेक्टिकट नदी वाट काढते ती खिंड तर आपल्यासारख्या सह्याद्रीत भटकणाऱ्यांना फारच जवळची वाटेल, कारण तो खडकही बेसॉल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हा, आपल्या सह्याद्रीच्या दख्खन ट्रॅपपेक्षा कितीतरी जुना, साधारण २० कोटी वर्षांचा. नुसता सुंदर देखावा काढणारे खूप होते हो, हिच्या चित्रात डोंगर कशाचा बनलाय ते दिसतं.

एक गोष्ट मात्र खटकते, छापील चित्रांखाली नाव येतं ते मिसेस हिचकॉक. ऑरा कुठेच नाही. एडवर्डने निदान १८५१ चं पुस्तक तिला अर्पण करताना कबूल केलंय की मी शास्त्रातली तथ्यं नुसती लेखणीने मांडली, तुझ्या पेन्सिलने ती कितीतरी जास्त जिवंत केली.

बघायचं तर मोबाईलवर नको, तक्ते काही फुटांचे आहेत, छोट्या स्क्रीनवर मजाच जाते. शिक्षक असाल तर सरळ प्रोजेक्टरवर लावा, थरांच्या तक्त्यापासून सुरुवात करा आणि पोरांना आधी पाच मिनिटं नुसतं बघू द्या.