मॉनिटरवर कन्सोल लावलाय, आता स्पीकर कुठले घ्यायचे? आधी मॉनिटरची पाठ बघा

टीव्ही सोडून मॉनिटरवर गेमचा कन्सोल (पीएस5, एक्सबॉक्स, स्विच) लावला की पहिल्या दिवशी आपण चित्र बघूनच खूष असतो, आवाजाचं काय ते दुसऱ्या दिवशी आठवतं. बऱ्याच गेमिंग मॉनिटरना स्पीकरच नसतात आणि ज्यांना असतात त्यांचे दोन-दोन वॅटचे, तेही मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले, त्यामुळे गेममध्ये अख्खा पूल उडाला तरी कुणीतरी पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखं वाटतं.

मग आपण स्पीकर शोधायला लागतो आणि थेट वॅट, बास, रंगीत लाइट असलं बघत बसतो. मीही तेच केलं. एक छान साउंडबार घेतला, खोक्यावर एचडीएमआय लिहिलेलं होतं म्हणून निर्धास्त होतो, घरी येऊन उघडल्यावर कळलं की ते एचडीएमआय एआरसी आहे, म्हणजे टीव्हीकडून आवाज उलटा बारमध्ये यायची सोय, आणि मॉनिटरला एआरसी जवळजवळ कधीच नसतं. ऑप्टिकल (आवाज प्रकाशाने नेणाऱ्या वायरची जागा) होतं बारला, पण ते ना माझ्या मॉनिटरला ना कन्सोलला. गेला बिचारा टीव्हीखाली. म्हणून आता कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच, आवाज बाहेर पडणार कुठून?

सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मॉनिटरचा 3.5 एमएमचा जॅक. मागे किंवा खाली हेडफोनचं चित्र असलेलं एक भोक असतं, एचडीएमआयमधून आलेला आवाज मॉनिटर तिथून बाहेर देतो. याचा एक फायदा फारसं कुणी सांगत नाही, मॉनिटरला कन्सोल आणि कॉम्प्युटर दोन्ही जोडलेले असतील तर इनपुट बदललं की आवाजही आपोआप बदलतो, वायरी उपसत बसावं लागत नाही. फक्त मॉनिटरच्या मेनूत जाऊन त्याचा व्हॉल्यूम चांगला 80-90 वर ठेवायचा आणि रोजचा कमी-जास्त स्पीकरच्या नॉबने करायचा. उलटं केलं, म्हणजे मॉनिटर 20 वर आणि स्पीकर फुल्ल, तर आवाजापेक्षा सूंऽऽ करणारी खरखरच जास्त ऐकू येते. काही मॉनिटरचा जॅक मुळातच खरखरीत असतो, तर आधी हेडफोन लावून शांत सीनमध्ये ऐकून बघा.

जॅक नसेल तर यूएसबी, पण इथे कन्सोल कुठला त्यावर सगळं आहे. पीएस5 ला यूएसबी ऑडिओ क्लास 1 (यूएसबीवरून आवाज पाठवायची एक ठरलेली पद्धत) चालणारा छोटा डॅक, म्हणजे डिजिटल आवाज स्पीकरला चालेल असा करून देणारी डबी, किंवा यूएसबीवरून आवाज घेणारे स्पीकर लावले की बहुतेक वेळा लगेच ओळखतो. स्विचलाही डॉकमधून (स्क्रीनला जोडायच्या स्टँडमधून) यूएसबी ऑडिओ चालतो, शिवाय स्विचच्या अंगावरच हेडफोन जॅक आहे आणि तो डॉकमध्ये असताना वरच्या बाजूला मोकळा असतो, त्यामुळे स्विचवाल्यांचं निम्मं काम झालेलंच असतं. एक्सबॉक्सवाल्यांनी मात्र यूएसबी स्पीकरच्या वाटेला जाऊ नये, साधा डॅक तो ऑडिओसाठी घेत नाही.

ऑप्टिकल फक्त जुन्या मंडळींसाठी. पहिला पीएस4 आणि पीएस4 प्रो यांना आहे, स्लिमला नाही. एक्सबॉक्स वन, वन एस, वन एक्सला आहे, सिरीज एक्स आणि एसला नाही. पीएस5 ला नाही.

आणि काहीच नसेल तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. छोटी डबी असते, कन्सोल आणि मॉनिटरच्या मधे लावायची, ती चित्र पुढे पाठवते आणि आवाज काढून ऑप्टिकल किंवा 3.5 जॅकला देते. चालते मस्त पण डबी बघून घ्या, कारण सगळं चित्र तिच्यातूनच जातं. 18 जीबीपीएस वेगाने डेटा नेणारी 4के 60 (सेकंदाला 60 फ्रेम) पर्यंत ठीक आहे, पण तुम्ही मॉनिटर 4के 120 साठी घेतला असेल तर एचडीएमआय 2.1 चीच हवी, नाहीतर 120 चं निम्म्यावर येईल आणि व्हीआरआरही (स्क्रीनने गेमच्या फ्रेमशी वेग जुळवून घेणं) जाऊ शकतं, म्हणजे स्पीकरच्या नादात मॉनिटरचे पैसे वाया. दुसरी गंमत अशी की डबी लावली आणि आवाजच नाही असं झालं तर आधी कन्सोलच्या सेटिंगमध्ये जाऊन ऑडिओ फॉरमॅट लिनियर पीसीएम (न दाबलेला साधा आवाज) करा, डॉल्बी चालू असेल तर 3.5 जॅकमधून बऱ्याचदा शांतताच येते.

कंट्रोलरच्या जॅकला स्पीकर लावता येतात का? येतात, पण मग कंट्रोलर टेबलाला बांधल्यासारखा होतो. एखाद्या रात्रीपुरतं ठीक.

आता स्पीकरकडे येऊ. यूएसबीवर चालणारी ती छोटी जोडी, 3 ते 5 वॅटवाली, मॉनिटरच्या स्पीकरपेक्षा नक्की बरी, संवाद स्वच्छ ऐकू येतात, जागा लागत नाही. बास नाहीच. आणि एक भानगड मी स्वतः भोगलीये, जोडीची यूएसबी कन्सोलला पॉवरसाठी लावली होती आणि 3.5 ची वायर मॉनिटरला, तर मेनूत खाली-वर गेलं की स्पीकरमधून बारीक गूं गूं यायचं आणि स्क्रीन जशी हलेल तसा तो आवाज बदलायचा. मी आठवडाभर स्पीकरला शिव्या घातल्या. शेवटी यूएसबी काढून मोबाइलच्या चार्जरला लावली, गूं गूं एकदम गायब. याला ग्राउंड लूप म्हणतात. चार्जरनेही नाही गेलं तर ऑडिओच्या वायरमधे ग्राउंड लूप आयसोलेटर टाकायचा.

त्याच्या वरची पायरी म्हणजे स्वतःची वेगळी पॉवर असलेली बुकशेल्फ जोडी, 3 किंवा 4 इंची वूफर (जाड आवाजासाठी) आणि वर ट्वीटर (बारीक आवाजासाठी). माझं मत विचाराल तर बहुतेकांनी इथेच थांबावं. मॉनिटरसमोर आपण पाऊण-एक मीटरवर बसतो, एवढ्या जवळून खोली दणाणवायची ताकद लागतच नाही, तिथे स्वच्छपणा आणि डावं-उजवं नीट कळणं महत्त्वाचं. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं असा समान बाजूंचा त्रिकोण करा, ट्वीटर कानाच्या उंचीला आणा, टेबलावर खाली पडलेले असतील तर खाली काहीतरी घालून थोडे वर तिरपे करा. एवढं केलं की गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर खरोखर नाकासमोरून गेल्यासारखी वाटते. मागे बासचं भोक असेल तर भिंतीला चिकटवू नका, घुमतं. टेबल भिंतीला टेकलेलं असेल तर पुढे भोक असलेली जोडी बघा.

2.1 म्हणजे सबवाला सेट, दोन स्पीकर आणि फक्त बाससाठी एक वेगळा डबा, यावर भांडणं होतात. स्फोट, इंजिन, ड्रॅगनचं पाऊल यात मजा आहे हे खरं, पण स्वस्तातल्या 2.1 मध्ये सगळा खर्च त्या डब्यावर केलेला असतो आणि बाजूचे दोन स्पीकर एवढुसे, मग पात्रं बोलतात ते घशात काहीतरी अडकल्यासारखं आणि खाली नुसतं ढब ढब. शिवाय बास भिंतीतून आणि फरशीतून जातो, खालचे लोक वर येतात. सब टेबलाखाली पाय मारू अशा जागी ठेवू नका, आणि घ्यायचाच तर बासचा वेगळा नॉब असलेला घ्या. खोक्यावर 1000 वॅट वगैरे लिहिलेलं असलं तर ते पीएमपीओ असतं, म्हणजे क्षणभराचा फुगवलेला आकडा, त्याला काही अर्थ नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी ताकद, किती ते वाचा.

साउंडबारची एकच खरी जमेची बाजू, मॉनिटरखाली बसतो आणि टेबल मोकळं राहतं. पण अर्धा मीटर लांबीच्या पट्टीतून डावं-उजवं कितीसं वेगळं होणार. घ्यायचा असेल तर 3.5 किंवा यूएसबी इनपुट असलेला टेबलावरचा घ्या. टीव्हीसाठीचा घेताय तर एआरसी सोडून वेगळं एचडीएमआय इन आहे का ते बघा. आणि उंची मोजा, काही बार मॉनिटरच्या खालच्या कडेला झाकतात, गोळ्या किती उरल्या तेच दिसत नाही.

स्टुडिओ मॉनिटर नावाचे स्पीकर सुंदर वाजतात, फक्त त्यांना मागे मोठे बॅलन्स्ड (बाहेरची खरखर कमी पकडणारे) जॅक असतात, त्यामुळे 3.5 पासून दोन मोठ्या पिनांची वायर वेगळी घ्यावी लागते. पुष्कळ जोड्यांत दोघांचा व्हॉल्यूम मागे आणि वेगवेगळा असतो, रोज हात मागे घालून वैताग येतो.

ब्लूटूथ स्पीकर घरात पडलाय म्हणून तोच लावू म्हणाल तर नको. पीएस5 आणि एक्सबॉक्सला तो जोडताच येत नाही. स्विचला 2021 च्या अपडेटपासून जोडता येतो, पण मग वायरलेस कंट्रोलर दोनच चालतात. आणि लॅग. 60 फ्रेम्सवर एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची, आणि साध्या ब्लूटूथचा उशीर सहज 150-200 च्या घरात जातो, म्हणजे गोळी मारून दहा-बारा फ्रेम झाल्यावर ठो ऐकू येतं. अगदी वरातीमागून घोडं.

तुम्ही मुख्यतः ऑनलाइन शूटर खेळता, मागून कोण येतंय ती चाहूल हवी, तर स्पीकर कितीही चांगले असले तरी तिथे हेडफोनच. स्पीकरवर खेळताना बोलायला लागलात तर पीएस5 च्या कंट्रोलरचा माइक तुमचाच गेमचा आवाज समोरच्यांना परत ऐकवतो आणि ते वैतागतात. म्हणून जोडी निवडताना पुढच्या बाजूला व्हॉल्यूमचा नॉब आणि त्याच्या शेजारी हेडफोन जॅक आहे का एवढं बघा, रात्री पिन खुपसली की स्पीकर गप्प, मॉनिटरच्या मागे टॉर्च घेऊन वाकायला नको.