सर्टबॉट: चार वर्षं वापरल्यावर

वाचनालयाच्या सचिवांचा सकाळीच फोन. "ताई, आपल्या पत्त्यावर गुळाच्या ढेपी दिसताहेत. आणि त्याआधी लाल अक्षरात धोक्याची सूचना येते."

मी सांगलीतल्या सहा छोट्या वेबसाइट्स सांभाळते. सगळ्या एकाच भाड्याच्या सर्व्हरवर आहेत, उबुंटू ही संगणकप्रणाली आणि अपाची हा वेबपानं पुरवणारा प्रोग्राम वापरून. साइट खरी आहे याची ब्राउझरला खात्री देणारी प्रमाणपत्रं सहाही साइट्ससाठी सर्टबॉट हे सॉफ्टवेअर आणतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ पासून ही प्रमाणपत्रं फुकट देतेय, मुदत ९० दिवसांची. सर्टबॉट दिवसातून दोनदा तपासतं आणि मुदत जवळ आली की नवं घेतं. चार वर्षांत एकदाही मला तारीख लक्षात ठेवावी लागली नाही. वाचनालयासारख्या संस्थेला, जिथे वर्गणी गोळा करतानाच दमछाक होते, याचं मोल फार आहे.

पण त्या सकाळी ते मदतीला आलं नाही, आणि का आलं नाही हे समजायला मला अर्धा दिवस लागला.

वाचनालय नुकतंच जुन्या होस्टिंगवरून माझ्याकडे हलवलं होतं. प्रमाणपत्र घेताना सर्टबॉट अपाचीच्या फाइलींमधली नावं वाचून यादी दाखवतं. मी 'सर्व्हरनेम', म्हणजे साइटचं मुख्य नाव, लिहिलं होतं, पण 'सर्व्हरअलायस', म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावलेलं दुसरं नाव, राहिलं होतं. फाइलीत नाव नाही, म्हणून यादीतही नाही. आणि अपाचीला मागितलेलं नाव कुठल्याच ब्लॉकमध्ये (एका साइटच्या सेटिंग्जचा तुकडा) सापडलं नाही, की तो त्या पोर्टवरचा, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावरचा, पहिला ब्लॉक पुढे करतो. पहिला म्हणजे फाइलींच्या नावांच्या अक्षरक्रमाने पहिला. ४४३ वर, म्हणजे सुरक्षित https च्या पोर्टवर, तो होता माझ्याच सहांपैकी एका गुळाच्या दुकानाचा. म्हणून प्रमाणपत्रही गुळाचं आणि पानही गुळाचं. 'अपाचीसीटीएल' या आज्ञेला मोठा एस (-S) जोडून चालवलं की कुठल्या पोर्टवर कोण पहिला ते सरळ दिसतं. मी ते सगळ्यात शेवटी चालवलं. आता सगळ्यात आधी चालवते.

अलायस लिहिलं, सर्टबॉट पुन्हा चालवलं, तर नाव खरंच माझ्या सर्व्हरवर आहे का, या लेट्स एन्क्रिप्टच्या तपासणीत नापास. पुन्हा नापास. एका नावासाठी तासाला पाच वेळा नापास झालात की लेट्स एन्क्रिप्ट थांबवतं, तसं थांबवलं. आज्ञेला 'ड्राय-रन', म्हणजे रंगीत तालीम, जोडलं असतं तर चाचणीच्या सर्व्हरवर भागलं असतं. हे नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगते.

तेवढ्यात एका सभासदाने मोबाइलवरचा फोटो पाठवला. त्यात गूळ नव्हता, जुन्या होस्टिंगवाल्याचं 'खातं बंद' असं पान होतं. मग लक्षात आलं. नाव कुठल्या सर्व्हरचं हे सांगणाऱ्या डीएनएस नोंदींपैकी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा ए रेकॉर्ड, म्हणजे जुन्या पद्धतीच्या आयपीव्ही४ पत्त्याचा, मी बदलला होता, पण चार ए वाला, म्हणजे नव्या, लांब आयपीव्ही६ पत्त्याचा, जुन्याच सर्व्हरकडे बोट दाखवत होता. वाचनालयातलं ब्रॉडबँड आयपीव्ही४ चं, तिथे गूळ. मोबाइल नेटवर्क आयपीव्ही६ चं, तिथे जुनं पान. लेट्स एन्क्रिप्टही दोन्ही पत्ते असले तर तपासायला आधी आयपीव्ही६ नेच येतं. सर्टबॉटच्या चूक दाखवणाऱ्या संदेशात तो अपूर्णविरामांनी भरलेला लांबलचक पत्ता पहिल्याच ओळीत छापलेला होता!

तो रेकॉर्ड काढला, तासभर थांबले, आणि एका फटक्यात दोन्ही नावांचं प्रमाणपत्र मिळालं.

पाचपैकी चार तारे. एक तारा यासाठी कापते, की हा पत्ता तुमच्या सर्व्हरचा नाही, एवढं साध्या शब्दांत सांगितलं असतं तर माझा अर्धा दिवस वाचला असता. आणखी एक. जून २०२५ पासून लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपत आल्याच्या ईमेल पाठवणं बंद केलंय. त्यामुळे नूतनीकरण अडलं तर कुणी कळवणार नाही, स्वतःची तपासणी लावून ठेवा. मी सहाही साइट्सच्या तारखा रोज तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावली आहे. आणि अक्षरक्रमात सगळ्यात आधी येईल असा एक कोरा ब्लॉक ८० (साध्या http चा पोर्ट) आणि ४४३ दोन्हीवर ठेवला आहे, म्हणजे अनोळखी नाव कुणाच्या दुकानात शिरणार नाही.